जाड काच आणि चिमूटभर मीठ

"पीछे हटिए, पीछे हटिए! जिनका दिल कमज़ोर है, वे आँखें बंद कर लें!"

भोंगा असं ओरडला आणि सगळ्यांनी डोळे आणखी मोठे केले. नवा रायपूरच्या त्या रुंद रस्त्यावर एरवी एखादी बस दिसली तरी माणसाला बरं वाटतं. त्या दसऱ्याला मात्र आश्रमाच्या फाटकापासून पार तलावापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीला झेंडूचा हार, प्रत्येक चाकाखाली लिंबू. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांचे ट्रकमालक, सचिवालयातले साहेब, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातली निम्मी मराठी घरं, सगळे मैदानात दाटीवाटीने उभे होते.

मधोमध एक काळी अवाढव्य गाडी. तिच्या मागच्या दाराच्या काचेआड श्री अभेद्यानंद महाराज डोळे मिटून बसलेले. पंधरा पावलांवर त्यांचा पट्टशिष्य यशदीप, हातात रिव्हॉल्वर.

धाड!

कावळे उडाले, एक बाई किंचाळली. काचेवर पांढऱ्या रेघांची चांदणी उमटली आणि त्या चांदणीमागे महाराज मंद हसताना दिसले. दोन शिष्यांनी जोर लावून गाडीचं दार ओढलं. महाराज उतरले आणि माईक हातात घेतला.

"बोलो, गोली बड़ी कि मंत्र बड़ा?"

"मंत्र बड़ा!"

"लोहा बड़ा कि व्रत बड़ा?"

"व्रत बड़ा!"

"अरे, बड़े-बड़े लोग बुलेटप्रूफ गाड़ी पर करोड़ों लुटाते हैं. मूर्ख हैं! हम एक पट्टी में काम कर देते हैं."

टाळ्यांनी मैदान दुमदुमलं. मग महाराजांनी गाडीच्या पुढच्या काचेचा कोपरा दाखवला. तिथे आतून दुधाळ डाग आला होता, त्यात बारीक बुडबुडे. "ये देखो, काँच में से दूध उतर रहा है. क्षीरसागर है, क्षीरसागर!" लोक डागाला हात लावून डोळ्यांना लावू लागले. एका आजोबांनी तर चष्मा काढून काचेला कपाळ टेकवलं.

महाराज देत ते कवच म्हणजे भगव्या रेशमाची वीतभर पट्टी. ती समोरच्या काचेच्या वरच्या कडेला चिकटवायची. अट एकच, घरातल्या एका बाईने एकवीस दिवस अळणी जेवायचं. "पट्टी हमारी, नमक तुम्हारा," महाराज म्हणत. अटीतली खुबी तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही.

गर्दीत तात्यापाऱ्याच्या पद्मिनीबाई होत्या. व्रतं त्यांना नवी नव्हती. पहाटे जपाची माळ, सोमवारी उपास, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. आवाज इतका हळू की भाजीवाली दोनदा विचारायची, "का बोलेस दाई?" त्यांचा एकुलता एक मुलगा चारुदत्त सिलतऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. रोज पहाटे त्याच लोखंडाच्या ट्रकांमधून गाडी काढायचा. त्याची काळजी पद्मिनीबाईंचा जीव पोखरायची.

"आई, माझ्या या सेकंडहँड गाडीवर कोण गोळी मारून राहिलं?" चारुदत्त हसला. पण आईच्या समाधानासाठी पट्टी लावून घेतली.

पद्मिनीबाईंनी अळणी सुरू केलं. चौदाव्या दिवशी दिवाळीचा चिवडा परतताना, तीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी चार पोहे तळहातावर घेतले आणि मीठ बघायला तोंडात टाकले. लगेच थुंकल्या, तीनदा चूळ भरली, देवासमोर नाक घासलं. झालं, एवढंच.

फाल्गुनात एका खड्याने चारुदत्तच्या पुढच्या काचेला तडा दिला. कोपऱ्यातून निघालेली केसासारखी रेघ आठ दिवसांत टीचभर झाली.

"आई, काच बदलू आपण," सून निवेदिता म्हणाली. "इन्शुरन्समध्येच होऊन जाईल."

"पण पट्टी? ती तर त्याच काचेला हाय." पद्मिनीबाईंनी आश्रमात फोन लावला. यशदीपने एका श्वासात सांगून टाकलं, "माताजी, सिद्ध काँच है. उतारी तो कवच उतरा. दरार तो अच्छी निशानी है, समझो काँच ने वार अपने ऊपर ले लिया."

काच तशीच राहिली.

चैत्रातल्या एका सकाळी सिलतरा रोडवर पुढच्या उघड्या ट्रकमधून मुठीएवढा लोखंडाचा गोळा पडला, रस्त्यावर आपटून उसळला आणि चारुदत्तच्या काचेवर, नेमका त्या तड्यापाशी आला. काच फुटून गोळा आत शिरला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झाल्यावर पद्मिनीबाई आणि निवेदिता आश्रमात गेल्या. उत्तर मागायला. महाराजांनी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारला.

"याद करो माताजी. इक्कीस दिन में एक बार भी नमक नहीं लगा? कण भर भी नहीं?"

पद्मिनीबाईंनी मान खाली घातली. "दिवाळीत... चिवडा चाखला होता."

महाराजांनी डोळे मिटले. मग माईक ओढला. पुढे शंभरएक बाया बसल्या होत्या. "सुन लो बहनों! लोहे ने नहीं मारा. चार दाने चिवड़े ने मारा. माँ की जीभ ने बेटा खा लिया!"

निवेदिता शेजारीच उभी होती. तिने ऐकलं.

त्या दिवसापासून निवेदिताने सासूच्या हातचं खाणं सोडलं. भांडली नाही, ओरडली नाही. आपला डबा वेगळा करायची, ऑफिसला जायची, आली की खोलीचं दार लावायची. एकदाच म्हणाली, "आई, तुम्ही मीठ घातलेलं काही माझ्या घशाखाली नाही उतरत." पद्मिनीबाईंनी मान हलवली. त्यांनाही उतरत नव्हतं. महाराजांचं म्हणणं खरं असेल, तर त्यांनी मुलाला मारलं होतं. आणि ते खोटं असेल, असा विचारही मनात आणायची त्यांची हिंमत नव्हती.

भाद्रपदात त्या एकट्याच परत आश्रमात गेल्या. प्रायश्चित्त मागायला. महाराजांनी संधी ओळखली. पश्चात्तापाने पोळलेली आई, दसऱ्याची गर्दी, यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? त्यांनी भर सत्संगात जाहीर केलं, "दशहरे तक इक्कीस दिन ये माँ फिर बिना नमक का व्रत करेगी. रोज़ भोर में हमारी गाड़ी की आरती उतारेगी. इस साल हमारा कवच इसी के व्रत पर टिकेगा. हम अपनी जान इस माँ के हाथ में देते हैं!"

बायांनी डोळे पुसले.

पद्मिनीबाई रोज पहाटे ऑटोने आश्रमात जायच्या, निरांजन लावायच्या आणि त्या काळ्या गाडीला ओवाळायच्या. तिसऱ्या दिवशी वारा होता. ज्योत विझू नये म्हणून त्यांनी निरांजन काचेच्या अगदी जवळ धरलं आणि तिरप्या उभ्या राहिल्या. काचेत दोन ज्योती दिसल्या. एक ठळक, एक फिकी. दोघींमध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर.

त्यांनी हात हलवला. दोन्ही ज्योती बरोबर हलल्या.

घरी येऊन त्यांनी रोजच्यासारखं चारुदत्तच्या फोटोला ओवाळलं. फोटोच्या काचेतही दोन ज्योती होत्या. पण एकमेकींना चिकटलेल्या, जुळ्या पोरींसारख्या. खाली उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या गाडीपाशी त्या निरांजन घेऊन गेल्या. तिच्या काचेवरही महाराजांचीच भगवी पट्टी होती. ज्योती मात्र चिकटलेल्याच.

एकच मंत्र, एकच पट्टी, आणि ज्योती वेगळ्या? गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात शोकाशिवाय दुसरं काही हललं.

तात्यापाऱ्यात श्यामरावांचं काचेचं दुकान आहे. देवांच्या फोटोंना चौकटी करता करता त्यांचे केस पांढरे झाले. पद्मिनीबाई निरांजन घेऊनच दुकानात शिरल्या.

"वहिनी, भर दुपारी आरती? काहून?"

त्यांनी पाहिलेलं सांगितलं. श्यामराव ऐकता ऐकता उठले. एक पातळ काच आणि एक टेबलावरची जाड काच शेजारी उभी केली. "लावा ज्योत. पातळ काचेत पाहा, चिकटलेल्या. आता जाड काचेत पाहा."

"लांब झाल्या."

"हव. एक ज्योत काचेच्या पुढच्या अंगावरून परत फिरते, दुसरी मागच्या अंगावरून. काच जितकी जाड, तितक्या त्या दूर. आम्ही काचवाले असंच तपासतो. महाराजाच्या काचेत किती दूर म्हणता?"

पद्मिनीबाईंनी दोन बोटं धरली.

श्यामराव खाली बसले. "दीड इंच तरी जाड हाय ती काच. वहिनी, ते कवच नाही. ती बुलेटप्रूफ गाडी हाय! कोण्या श्रीमंताची जुनी, भंगारातून उचललेली असंल."

"पण एवढी गोळी अडते कशी?"

"तुमच्याच भाषेत सांगतो. सुई पापडावर मारली तर पापड मोडते, पण सुईचा जोरही थोडा जाते. तीच सुई कणकेच्या गोळ्यात घातली तर कणीक ताणते, फाटत नाही. त्या काचेत दोन्ही असते. बाहेरून कडक काचेचे थर. गोळीचं टोक तिथे चपटं होते, काच स्वतः चुरा होऊन तिचा जोर खाते. मधे चिकट पारदर्शक पापुद्रे, ते चुरा धरून ठेवतात. आणि सगळ्यात आत चिवट प्लास्टिक, ज्याले पॉलिकार्बोनेट म्हणतात. ते वाकते, पण तुटत नाही. गोळी दमून आत अडकते. म्हणून ती चांदणी उमटते. मंत्राची चांदणी नोहे, चुरा झालेल्या काचेची हाय."

"आणि ते दूध?"

श्यामराव हसले. "रायपूरच्या उन्हात थर सुटून राहिले, वहिनी! चिकट थरात हवा शिरली की काच दुधाळ दिसते. ती काच म्हातारी झाली, दुसरं काही नाही."

पद्मिनीबाईंनी निरांजन टेबलावर ठेवलं. मग विचारलं, "अन् माझ्या चारूची?"

श्यामरावांचा आवाज उतरला. "साधी काच, वहिनी. दोन पातळ थर, मधे एक पापुद्रा. फुटली तर तुकडे तोंडावर उडू नाही म्हणून. लोखंड अडवायले ती नसतेच. अन् तडा गेला की असलेली ताकदही जाते."

"पट्टीनं?"

"पट्टीनं काय होते? सावली पडते बोटभर."

"अन् मिठानं?"

श्यामरावांनी नकारार्थी मान हलवली. पद्मिनीबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या कानात एकच वाक्य वाजत होतं, माँ की जीभ ने बेटा खा लिया.

"मी येतो सोबत, पोलिसात जाऊ," श्यामराव म्हणाले.

"आज नको भाऊजी." नेहमीसारखाच हळू आवाज, पण त्यात धार आली होती. "आज गेलो तर तो म्हणेल गाडी जाड, पण कृपा माझी. लोकं त्याचंच ऐकतील. त्यानं मले माईकवरून मारलं. मी त्याले माईकवरच मारीन. पण एक सांगा, थर सुटले म्हणता, तर दसऱ्याची गोळी ती काच झेलेल?"

"एक गोळी झेलेल, वाटते."

"अन् नाही झेलली तर?"

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. पद्मिनीबाईंनी निरांजन उचललं. "तर त्याचं कवच अन् तो."

घरी त्या देवघरासमोर उभ्या राहिल्या. "देवा, आजवर तुझा एकही नियम मोडला नाही. पण हा नियम मी तुझ्या नावानं घेतला नव्हता, त्याच्या नावानं घेतला." डब्यातलं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. आभाळ कोसळलं नाही. देवघरातली ज्योतसुद्धा हलली नाही.

त्या दिवसापासून पहाटे निमूट आरती, आणि दुपारी वरण, पापड, लिंबाचं लोणचं. लोणच्याची फोड चोखताना त्यांच्या डोळ्यांसमोर महाराजांचं गुळगुळीत तोंड असायचं. निवेदिता हे सगळं बघत होती. एक दिवस न राहवून म्हणाली, "आई, तुमचं व्रत चालू आहे ना? मग हे काय करून राहिल्या?"

"दसऱ्याला ये माझ्यासोबत. चारूची गाडी घेऊन ये." गाडीची काच आता नवी होती, वरच्या कडेला आश्रमानेच दिलेली नवी पट्टी होती. निवेदिताने का म्हणून विचारलं नाही. सासूच्या डोळ्यांत तिने असं काही कधी पाहिलं नव्हतं.

दसरा उजाडला. तीच रांग, तेच हार, तोच भोंगा. संध्याकाळचं ऊन कलताना महाराज गाडीत बसले. यशदीपने नेम धरला. पद्मिनीबाई पहिल्या रांगेत ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात एक डबा आणि लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

धाड!

चांदणी उमटली. काचेने झेललं. पद्मिनीबाईंनी श्वास सोडला. तो सुटकेचा होता की हळहळीचा, ते त्यांनी पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही.

महाराज उतरले. चेहरा तेजाने फुललेला. "देखो व्रत की शक्ति! पिछले साल इसी माँ से भूल हुई, बेटा गया. इस साल इसने इक्कीस दिन नमक का कण नहीं छुआ, और देखो, गोली पानी हो गई! आओ माँ, अपने मुँह से बोलो!"

यशदीपने माईक पद्मिनीबाईंच्या हाती दिला. त्या आपल्या मराठीतच बोलल्या. त्या गर्दीत ती कळत नाही असा माणूस विरळा. आवाज हळू होता, म्हणून सगळं मैदान चिडीचूप झालं.

"मी तिसऱ्या दिवसापासून मीठ खाऊन राहिली."

कोणीतरी हसलं. बहुतेकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी ताटातला डबा उघडला. चिवडा होता. मूठभर तोंडात टाकला आणि माईकसमोर सावकाश चावला. भोंग्यातून तो कुरकुर आवाज तलावापर्यंत गेला.

"पापड खाल्ला, लोणचं खाल्लं, हा चिवडा रोज खाल्ला. अठरा दिवस. तरी गोळी अडली. महाराज, माझ्या चार पोह्यांनी माझा मुलगा मेला, मग या अठरा दिवसांच्या मिठानं तुम्ही कसे वाचले?"

महाराज क्षणभर गडबडले, पण धंदा जुना. "हमारी तपस्या ने संभाल लिया, माता! हमने तुम्हारा पाप अपने ऊपर..."

"तपस्येनं भागते, तर बायांले उपाशी काहून ठेवता? तेव्हा माझ्या चारूची काच काहून नाही सांभाळली?"

"श्रद्धा पर संदेह करती हो?"

"श्रद्धा माझी शाबूत हाय. तुमची काच पाहू." त्यांनी गर्दीकडे तोंड केलं. "बायांनो, आरतीचे दिवे आहेत ना हातात? आधी महाराजांच्या काचेले तिरपे दाखवा, मग आपापल्या गाडीच्या. दोन ज्योतींमधलं अंतर बघा."

पहिली बाई भीत भीत गेली. मग दहा, मग पन्नास. "इथं दूर दूर!" "माझ्या गाडीत चिपकलेल्या!" "अगं, माझ्याही!" मैदानभर निरांजनं फिरू लागली. "दो ज्योत माने शिव और शक्ति!" महाराज ओरडले. मागून एक ट्रकमालक खेकसला, "तो हमारी गाड़ी में शिव-शक्ति इतने पास काहे, महाराज? हमारी पट्टी कम की थी क्या?" हशा पिकला. महाराजांच्या मैदानात महाराजांवर पिकलेला तो पहिला हशा.

तेवढ्यात गर्दीतून श्यामराव मोजपट्टी घेऊन पुढे आले. दोन शिष्यांना ओढावं लागणारं ते दार अजून उघडंच होतं. गोळीने चुरलेल्या काचेचा एक कोपरा चौकटीतून सुटला होता. त्यांनी तिथे मोजपट्टी लावली. "दीड इंच! अन् ही साध्या गाडीची काच, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी जाड. महाराज, काच खाली करून दाखवा बरं! नाही होत ना? एवढी जाड काच दारात उतरतच नाही. म्हणून प्रसाद दार उघडून वाटतात हे!" मग पापड आणि कणीक, चुरा आणि चिवट थर, उन्हाने सुटलेलं 'दूध', सगळं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. मागच्या दसऱ्याला कपाळ टेकवणारे आजोबा काचेपासून असे मागे सरले, जणू चटका बसला.

पद्मिनीबाईंनी ताटातलं लाल फडकं सोडलं. आत मुठीएवढा लोखंडाचा गोळा होता.

"हा माझ्या चारूच्या काचेतून गेला. ती त्याची गाडी. नवी काच, तुमचीच पट्टी. या, बसा आत. मी मारते."

महाराजांच्या कपाळावर घाम फुटला. "माता, तुम्हारा व्रत तो टूटा है..."

"इथं एवढ्या बाया आहेत, ज्यांनी तुमचं व्रत पुरं केलं. कोणाच्याही व्रतावर बसा. कोणाची गाडी देऊ?"

महाराज मागे सरकले. एकेक बाई पुढे येऊ लागली. एकीच्या नवऱ्याचा पाय गेला होता, एकीचा भाऊ. प्रत्येकीला महाराजांनी तोच प्रश्न विचारला होता, कण भर भी नहीं? आणि प्रत्येकीने रडत काहीतरी आठवून सांगितलं होतं.

"एकवीस दिवसांत जिभेले मीठ लागलं नाही, अशी बाई कुठं असते?" पद्मिनीबाई म्हणाल्या. "रडलं तरी ओठावर खारटच येते. यानं प्रश्नच असा ठेवला, की दोष घरचा निघावा अन् हा सुटावा."

पळायला महाराज आपल्याच गाडीत शिरले. दार ओढायला शिष्य उरले नव्हते. यशदीप रिव्हॉल्वर टाकून केव्हाच पसार झाला होता. बायांनी गाडीला घेरलं. मारलं कोणी नाही. आश्रमाच्या स्वयंपाकघरातून मिठाचं पोतं आलं आणि एकेकीने मूठ मूठ मीठ त्या गुळगुळीत तोंडावर, रेशमी कफनीवर, दाढीत उधळलं. महाराज खोकत, डोळे चोळत बसले. श्यामरावांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत ते नखशिखांत पांढरे झाले होते. पद्मिनीबाईंनी मात्र एकही मूठ उधळली नाही. त्या फक्त बघत होत्या, पापणी न हलवता, आणि त्यांना ते गोड लागत होतं.

तक्रार त्यांनीच लिहून दिली, शेवटच्या ओळीपर्यंत. यशदीपही चार दिवसांत सापडला.

त्या संध्याकाळी तात्यापाऱ्यात परतल्यावर निवेदिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, जेवायला वाढता?"

पद्मिनीबाईंनी आमटी केली, तळहातावर थेंब घेऊन मीठ बघितलं, मुद्दाम, तिच्यासमोर. निवेदिता दोन घास जेवली आणि हुंदका देऊन म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता. चूक तुमची नव्हतीच."

"होती," पद्मिनीबाई म्हणाल्या. "पण मिठाची नव्हती. तू म्हणाली काच बदलू, अन् मी फोन लावला आश्रमात. तडा काचेले गेला होता, तर काचवाल्याले विचारायचं. ते मी जन्मभर विसरणार नाही. त्याले पण विसरू देणार नाही."

पद्मिनीबाईंची माळ अजून पहाटे फिरते, सोमवार अजून पाळला जातो. त्यांचा देव कोणी हिरावून घेतला नाही. फक्त दर दसऱ्याला त्या तात्यापाऱ्यात दारोदार जाऊन निरांजन लावून गाड्यांच्या काचा बघतात आणि पोराबाळांना त्या हळू आवाजात सांगतात, तेच इथेही सांगायचं आहे. पूजा करा, उपास करा, मनाला बळ येत असेल तर जरूर करा. पण कोणी चमत्कार दाखवला तर आधी त्याची काच मोजा. संकटाचा दोष जो तुमच्याच घरातल्या बाईवर टाकतो, त्याला तिथल्या तिथे प्रश्न विचारा. आणि गाडीच्या काचेला तडा गेला असेल, तर आजच्या आज बदलून घ्या.